मऊ ब्रशनं दात खरंच स्वच्छ निघतात का?

पत्र असं आहे :

"डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी किनवट तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ५२. लहानपणापासून मला कडक ब्रशची सवय. मऊ ब्रश तोंडात घातला की दात घासल्यासारखं वाटतच नाही. आमच्याकडे हातपंपाचं पाणी, त्यामुळे दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे आहेत. ते जावेत म्हणून मी जोर लावूनच घासते, पण पट्टे काही गेले नाहीत. आता वर्षभरापासून डाव्या बाजूला वरच्या दातांना गार पाणी लागलं की सणक जाते. हिरडीजवळ दाताला खाच पडल्यासारखी लागते आणि घासताना रक्त येतं. यजमानांना शुगर आहे. त्यांच्या हिरड्या कायम सुजलेल्या. ते म्हणतात, ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून त्यांनी ब्रशच सोडला, बोटानं मंजन लावतात. दुकानात जावं तर भिंतभर ब्रश : नागमोडी केसांचे, कोळशाचे, बांबूचे. पुण्याहून मुलगा म्हणतो, बॅटरीवरचा पाठवतो. पाच वर्षांचा नातू आमच्याजवळच असतो, त्यालाही माझं बघून जोर लावायची सवय लागली आहे. सासूबाई अजून मिश्री लावतात. कोणता ब्रश घ्यावा, एवढं एक स्पष्ट सांगा."

ताई, स्पष्टच सांगते. घरातल्या सगळ्यांसाठी मऊ केसांचा ब्रश घ्या. पाकिटावर 'सॉफ्ट' लिहिलेलं असतं. तुम्हाला आणि यजमानांना निदान पुढचे तीन महिने 'एक्स्ट्रा सॉफ्ट'. 'मीडियम' आणि 'हार्ड' आजपासून तुमच्या घरात नकोत.

पण एवढ्यावर पत्र मिटलं, तर महिनाभरात तुम्ही पुन्हा कडक ब्रश घेऊन याल, हे मला ठाऊक आहे. मऊ ब्रशनं दात स्वच्छ निघत नाहीत ही शंका तुमच्या मनात घट्ट बसली आहे. ती आधी काढू, दुकानात नंतर जाऊ.

दोन दिवस न घासलेल्या माठाच्या आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागतं. तो थर काढायला तुम्ही तारेची घासणी घेता का? हात आत घालून फडक्यानं सगळीकडून पुसलं की निघतो. मात्र जिथं फडकं पोचलं नाही, गळ्याच्या वळणात किंवा बुडाच्या कोपऱ्यात, तिथं तो तसाच राहतो. दातांवर रोज धरतो तो असाच पांढरट, चिकट, जिवंत जंतूंचा थर. नखानं हलकेच खरवडलं तर नखावर येतो, इतका मऊ. दात किडतात ते त्याच्यामुळे, हिरड्या सुजतात त्याही त्याच्यामुळेच. तो काढायला जोर लागत नाही, फक्त ब्रशचा केस तिथवर पोचावा लागतो.

हाच थर काही दिवस जागेवर राहिला, की लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि त्याचं किटण होतं. तुमच्याकडचं पाणी जड आहे, तेव्हा पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा खडा थर तुम्ही रोज बघत असाल. दातावरचं किटण त्याच जातीचं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं जीभ फिरवून पाहा. खरखरीत लागलं तर ते किटण आहे. तिथं सगळ्यात आधी जमतं, कारण जिभेखालच्या लाळेच्या नळ्या तिथंच उघडतात. एकदा दगड झाला की तो कुठल्याही ब्रशला दाद देत नाही. जगातला सगळ्यात कडक ब्रश आणलात तरी नाही. तो दंतवैद्याच्या अवजारानंच निघतो.

आता तुमचे ते पट्टे. किनवटच काय, नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी, पक्के दात हिरडीच्या आत घडत असताना, असं पाणी पोटात गेलं की दाताचं वरचं कवच, ज्याला आम्ही एनॅमल म्हणतो, ते घडतानाच बिघडतं. दात बाहेर येतो तो पांढरे ठिपके किंवा पट्टे घेऊनच, आणि पुढे ते पिवळे-तपकिरी होतात. म्हणजे तुमचे पट्टे दाताच्या अंगातच आहेत. लुगड्याच्या विणीतला रंग धुण्यानं जात नाही, तसे हे घासून जायचे नाहीत. यात तुमच्या स्वच्छतेचा काडीमात्र दोष नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुमच्या भागातल्या बायका माझ्यासमोर बोलताना तोंडावर पदर धरतात, हसताना ओठ मिटून घेतात. कुणीतरी कधीतरी 'दात घासत नाहीस का' असं विचारलेलं असतं, ते आयुष्यभर मनात राहतं. पट्टे फारच खुपत असतील तर दंतवैद्याकडे त्यावर उपाय आहेत. ब्रश हा त्यातला उपाय नव्हे.

आता हिशेब मांडा. मऊ थराला कडक ब्रशची गरज नाही. दगड त्याला निघत नाही. अंगातला डाग त्याला जात नाही. मग कडक ब्रशला तोंडात काम काय उरलं?

एक काम तो मात्र नेमानं करतो. दात जिथं हिरडीत शिरतो तिथं एनॅमल अगदी पातळ होत जातं आणि संपतं. त्याच्या खालचा भाग मुळाचा. तो एनॅमलपेक्षा कितीतरी मऊ, आणि निसर्गानं त्यावर हिरडीचं पांघरूण घातलेलं असतं. कडक ब्रश आडवा रेटला की आधी ते पांघरूण वर सरकतं, मग उघड्या पडलेल्या मुळाला पाचरीसारखी खाच पडते. तुम्ही उजव्या हातानं घासता ना? पत्रात डावी बाजू लिहिलीत, त्यावरून मला तसं वाटलं. उजव्या हाताचा जोर डावीकडच्या सुळ्यावर आणि त्याच्या मागच्या उपदाढांवर सगळ्यात जास्त बसतो, कारण तोंडाची कमान तिथंच वळते. डावखुऱ्यांच्या खाचा मी बहुधा उजवीकडे पाहिल्या आहेत. नख दातावरून हिरडीकडे हळू सरकवत न्या, खाचेत अडकेल. त्या उघड्या भागातून दाताच्या नसेपर्यंत अगदी बारीक नळ्या गेलेल्या असतात, म्हणून गार पाण्याची सणक थेट आत जाते.

माझे वडील कडक ब्रशवाले. पहाटे अंगणात उभं राहून ते असे दात घासायचे की स्वयंपाकघरात आईला ऐकू यायचं. त्यांच्या दातांना शेवटपर्यंत एकही कीड लागली नाही. पण साठी ओलांडल्यावर डावीकडची एक उपदाढ भाकरीचा तुकडा मोडताना हिरडीपाशीच तुटली. कापलेल्या झाडाचा बुंधा उरावा तसं मूळ आत राहिलं. ते काढताना खाच किती खोल गेली होती ते मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा मी शिकत होते. कीड नसलेला, निरोगी दात निव्वळ घासून घासून जातो, हे मला पुस्तकाआधी घरात कळलं. झिजलेलं एनॅमल पुन्हा भरून येत नाही, आणि वर गेलेली हिरडी आपोआप खाली येत नाही. म्हणून या बाबतीत मी कुणालाही 'चालेल' म्हणत नाही.

आता दुकानात चला.

भिंतभर ब्रश असले तरी बघायच्या गोष्टी तीनच. पहिली, केसांची जाडी. पूर्वी ब्रशला डुकराचे राठ केस लावत. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला आणि केस हवा तितका बारीक काढता येऊ लागला. मऊ ब्रशचा केस साधारण ०.२ मिलिमीटर जाड असतो, मधल्याचा ०.३ आणि कडक ब्रशचा ०.४ च्या आसपास. आकडे ऐकायला जवळजवळ वाटतात, पण केस दुप्पट जाड झाला की त्याचा ताठपणा दुपटीच्या कितीतरी पुढे जातो. गवताचं पातं आणि तुरीची काडी यांच्यात असतो तसा फरक पडतो. बारीक केस वाकतो, म्हणून हिरडीच्या कडेखालच्या फटीत शिरतो. जाड केस कडेवरच अडतो आणि तिथंच खरवडतो. म्हणजे तुम्हाला जो ब्रश 'घासल्यासारखा' वाटतो, तोच नेमक्या जागी पोचत नाही.

दुसरी, केसांची टोकं. ती घासून गोल केलेली असावीत. पाकिटावर तसा उल्लेख बहुधा असतो. हलक्या ब्रशची टोकं कापल्यासारखी तिरकी राहतात आणि हिरडीवर बारीक ओरखडे उमटवतात. पाकीट दुकानात फोडता येत नाही, तेव्हा घरी आल्यावर परीक्षा करा. कोरडा ब्रश नखाच्या बुडाशी असलेल्या नाजूक कातडीवर दोन-चार वेळा फिरवा. टोचला तर तो तोंडात जायचा नाही, कंगवे धुवायला ठेवा.

तिसरी, डोकं लहान हवं. मोठ्या माणसाच्या ब्रशचा केसांचा भाग दहा रुपयांच्या नाण्याच्या रुंदीपेक्षा लांब नसावा, म्हणजे इंचभर पुरे. मोठं डोकं टपोरं दिसतं, पण शेवटच्या दाढेमागे वळतच नाही, आणि दाढा तिथंच किडतात.

बाकीचं सगळं तुमच्या आवडीवर. नागमोडी केस असोत की सरळ, हात नीट चालला तर फरक नगण्य. कोळशाच्या ब्रशनं दात जास्त पांढरे होतात असं मानायला आधार नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. बांबूचा दांडा चांगला, पण त्यालाही केस बहुधा नायलॉनचेच असतात. मूठ मात्र पकडायला बरी असावी, ओल्या हातातून निसटू नये. वीस-तीस रुपयांचा साधा मऊ ब्रश महागड्याइतकंच काम करतो. वाचलेले पैसे ब्रश वेळेवर बदलण्यात घाला.

वेळेवर म्हणजे तीन-चार महिन्यांनी. तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सण सांगते : संक्रांत, अक्षय्य तृतीया, नागपंचमी, दिवाळी. त्या दिवशी घरातले सगळे ब्रश एकदम बदलायचे. मध्येच ब्रश पालथा धरून मागून बघत जा. केस दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत असतील तर ब्रश संपला. आणि हे महिन्याभरातच होत असेल तर हात जड आहे असं समजा. बाई दात दाखवायला आल्या की मी आधी त्यांचा ब्रश मागते. तोंड उघडण्याआधी निम्मं निदान तो करून देतो. एकीचा ब्रश पिकलेल्या कणसाच्या तुऱ्यासारखा चहूकडे पसरलेला होता आणि त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसांपूर्वीच घेतलाय." त्यांना मी औषध काही दिलं नाही. ब्रश कसा धरायचा, तेवढं दाखवलं.

तेच तुम्हालाही सांगते. मुठीत धरू नका. पेन धरतो तसा बोटांच्या टोकांत धरा, जोर आपोआप निम्मा होतो. लागणारा दाब जेमतेम दीडशे ग्रॅमचा. एक मध्यम संत्रं तळहातावर ठेवा, जेवढा भार जाणवेल तेवढा. शंका असेल तर अंगणवाडीतल्या नाही, किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ब्रशचे केस टेकवून दाबून बघा, तुमचा नेहमीचा दाब किती आहे ते आकड्यात दिसेल.

ब्रशचे केस दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरपे टेकवा, टोकं हिरडीकडे. चार्ल्स बॅस नावाच्या अमेरिकन वैद्यानं १९४० च्या दशकात ब्रशच्या केसांची जाडी, टोकं आणि घासायची पद्धत यांचा बारकाईनं अभ्यास करून हा ४५ अंशांचा कोन सुचवला. आजही आम्ही तोच शिकवतो. केस टेकवले की जागच्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरात, थरथरल्यासारखे हलवा. दहाएक वेळा. मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडून घ्या आणि पुढच्या दोन-तीन दातांवर जा. बाहेरून, आतून, मग चावायच्या बाजूनं. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरा. सगळं तोंड व्हायला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं म्हणजे किती, ते एकदा घड्याळ लावून बघा. आपण बहुतेक जण त्याच्या निम्म्यात आटोपतो. आणि सुरुवात दर वेळी डावीकडच्या त्याच सुळ्यापासून करू नका. हाताचा ताजा जोर आणि भरपूर पेस्ट तिथंच पडते. खालच्या दाढांच्या आतल्या बाजूपासून सुरू करा, म्हणजे जी जागा रोज राहून जाते ती आधी होईल.

सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर रात्रीचं धरा. झोपेत लाळ फारच कमी होते, आणि लाळच दातांची राखण करते. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नको. पेस्ट थुंकून टाका, पण खळाखळा चुळा भरू नका, थोडी तोंडात राहिली तर तिचा उपयोगच होतो. अंबाडीची भाजी, चिंचेचं सार, लिंबू असं आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश नको. आंबटानं दाताचं कवच काही वेळ हळवं होतं. नुसती पाण्याची चूळ भरा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

तुमच्या सणकेसाठी 'सेन्सिटिव्ह' लिहिलेली पेस्ट आणा. ती दोन-चार आठवड्यांत गुण दाखवते, चार दिवसांत सोडू नका. खाच खोल असेल तर दंतवैद्य ती दाताच्या रंगाच्या सिमेंटनं भरून देतात. सहसा भूल लागत नाही, एका बैठकीत होतं. पण ब्रश बदलल्याशिवाय भरून घेतलंत तर ते भरलेलंही झिजेल.

यजमानांबद्दल आता. रक्त येतं म्हणून ब्रश सोडणं म्हणजे जखमेवर घाण बसू देणं. रक्त येतंय कारण हिरडीच्या कडेला तो चिकट थर मुरला आहे आणि हिरडी त्याच्याशी झुंजते आहे. बोट तिथं पोचत नाही. बोटानं मंजन लावलं की दातांची पोटं चकचकीत होतात आणि कडा तशाच राहतात. वर राखुंडी, कोळशाची पूड किंवा गेरू घातलेलं लाल मंजन असेल तर दात झिजतात ते वेगळंच. एक्स्ट्रा सॉफ्ट ब्रशनं, मी सांगितलं तसं, रक्त येत असतानाही घासायला सांगा. पहिले तीन-चार दिवस रक्त जास्त दिसेल, घाबरू नका. साध्या सुजेला आठ-पंधरा दिवसांत उतार पडतो. नाही पडला, दात हलतोय असं वाटलं, हिरडीतून पू आला किंवा तोंडाला सतत वास येत राहिला, तर दुखणं हाडापर्यंत उतरलं असू शकतं. तेव्हा नुसत्या ब्रशनं भागणार नाही.

शुगरच्या माणसाला तर याबाबतीत मी थांबू देत नाही. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांत सूज असली की साखर आटोक्यात येत नाही. दोन्ही दुखणी एकमेकांना धरून असतात. शुगरची तपासणी करताना दरवेळी हिरड्याही दाखवायच्या, असा नियम करा. किटण काढून घ्यायला नेताना गावात कुणीतरी म्हणेलच, "साफ करून घेतले की दात हलतात." सफाईनं हलत नाहीत. किटणानं हाड आधीच खाल्लेलं असतं, आणि दात त्या किटणाच्या आधारानं टेकून राहिलेले असतात. भिंत ढासळलेली असावी आणि कचऱ्याच्या ढिगानं ती उभी दिसावी, तसं. ढीग काढला की खरी स्थिती दिसते. न काढता ठेवला तर भिंत उरतच नाही. उपजिल्हा रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक आहेत का ते विचारा. मोठं काम निघालं तर नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथं खर्च खासगीच्या मानानं फार कमी येतो.

मुलाचा बॅटरीवरचा ब्रश. २०१४ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं ५६ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. तीन महिन्यांपेक्षा जास्त वापरानंतर साध्या ब्रशच्या तुलनेत दातांवरचा थर २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. म्हणजे फायदा आहे, हे मी नाकारत नाही. पण नीट घासणाऱ्याला साधा ब्रश पुरतो, आणि बॅटरीवरच्याचं बदलायचं डोकं महाग असतं, तालुक्याला सहज मिळतही नाही. तीन महिन्यांनी डोकं बदलता येणार नसेल तर तो ब्रश घेऊन उपयोग काय? ज्यांची बोटं सांधेदुखीनं वळत नाहीत, हात थरथरतो, किंवा ज्यांचे दात दुसऱ्यांना घासून द्यावे लागतात, त्यांच्यासाठी मी तो आवर्जून सांगते. मुलाला पाठवायचाच असेल तर जोर जास्त पडला की दिवा लागतो किंवा थांबतो तसला पाठवायला सांगा. तो तुमच्या हाताला वळण लावेल. पैसे एकदाच खर्च करायचे असतील, तर मुलाला म्हणावं, बाबांच्या दातांची सफाई आधी.

दातांच्या फटींत साधा ब्रश काय आणि बॅटरीचा काय, कुठलाच शिरत नाही. तिथं फ्लॉसचा दोरा, किंवा फट मोठी असेल तर बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू दिसावं तसा बारीक फटींचा ब्रश मिळतो. आगपेटीची काडी, सेफ्टीपिन, केसातला आकडा यांनी फटी कोरू नका.

नातवाचं मात्र मनावर घ्या. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला ते वळण येत नाही. त्याला हौसेनं घासू द्या, आणि नंतर मांडीवर डोकं घेऊन तुम्ही पुन्हा एकदा घासून द्या. लहान डोक्याचा मऊ ब्रश, वर वाटाण्याएवढी पेस्ट, आणि ती गिळायची नाही हे शिकवायचं. तो तुमचं बघून शिकला आहे, तेव्हा तुम्ही हात हलका केलात की त्याचाही होईल. अंगणवाडीतल्या पोरांसमोर एकदा असंच घासून दाखवा.

आणि त्याचं पिण्याचं पाणी तपासून घ्या, ते ब्रशपेक्षाही आधी. त्याचे पक्के दात आत्ता हिरडीत घडत आहेत. आठ वर्षांपर्यंतचं पाणी त्याच्या पक्क्या दातांवर आयुष्यभर दिसेल. लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी पिण्याचं नव्हे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते, ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठवा. जास्त निघालं तर दुसऱ्या स्रोताचं किंवा आरओचं पाणी त्याला द्या. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की ते आणखी दाट होतं. पाण्यात फ्लोराइड जास्त निघाल्यास त्याला कोणती पेस्ट द्यायची हे दंतवैद्याला रिपोर्ट दाखवून विचारा. तुमच्या आणि यजमानांच्या दातांवर आता नवे पट्टे पडायचे नाहीत.

शेवटी सासूबाई. पत्रात त्यांच्यासाठी तुम्ही एकच ओळ लिहिलीत, आणि मी ती दोनदा वाचली. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. 'मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते' असं म्हणणाऱ्या कितीतरी आज्या मी पाहिल्या. हिरडीवर चोळलेला तंबाखू तिथूनच रक्तात जातो, म्हणून सकाळी मिश्री नाही लागली की डोकं चढतं, पोट साफ होत नाही. तंबाखू घातलेल्या पेस्ट-मंजनावर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री कोण अडवणार?

त्यांना ब्रश देण्याआधी त्यांचं तोंड बघा. दुपारी उजेडात, दारात बसवून. खालचा ओठ बाहेर ओढा, गालाच्या आत, मिश्री जिथं दाबून ठेवतात तिथल्या हिरडीवर, जिभेच्या दोन्ही कडांना. पांढरा चट्टा, लाल मखमलीसारखा डाग, कडक गाठ किंवा बरी न होणारी जखम दिसली, आणि दोन आठवड्यांत ती गेली नाही, तर दुखत नसली तरी त्यांना लगेच घेऊन जा. सुरुवातीला तोंडाचा कर्करोग दुखत नाही, म्हणूनच आजी 'मला काही होत नाही' म्हणतात. तोंड घट्ट होऊन पुरतं उघडत नसेल तरी दाखवा.

मिश्री सोडायला त्यांच्यावर रागावू नका, इतक्या वर्षांची सवय आहे. आधी दिवसातली एक वेळ कमी करा, दुपारची. तिच्या जागी बडीशेप द्या आणि मऊ ब्रश हातात द्या. बोटानं हिरडी चोळायची त्यांची सवय ब्रशनं थोडी भागते. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडणाऱ्यांसाठीचा सरकारी, मोफत फोन आहे. त्यांच्या वतीनं तुम्ही लावलात तरी चालतो. या आठवड्यात पाण्याचा नमुना राहिला, ब्रश राहिले तरी हरकत नाही. सासूबाईंचं तोंड मात्र उद्याच बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा.